यानुश कोर्चाक : बालक, हिंसा आणि ‘डाकघर’चा एक प्रयोग

रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘डाकघर’ या नाटकाच्या प्रवासाची हकिकत भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना नवी नाही. १९११ साली लिहिलेले हे छोटेखानी नाटक १७ मे १९१३ रोजी डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये इंग्रजीतून झाले. १९१७ च्या अखेरीस, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या निमित्ताने, जोडासाँकोच्या ठाकुरवाड्यात जो प्रयोग झाला त्याला गांधीजी, लोकमान्य टिळक, पंडित मालवीय आणि ॲनी बेझंट उपस्थित होते. आंद्रे जीदने त्याचे फ्रेंच भाषांतर केले. या यादीच्या शेवटी बहुधा एका वाक्यात वॉर्साचा उल्लेख येतो : १८ जुलै १९४२ रोजी तेथील बंदिस्त ज्यू वस्तीत यानुश कोर्चाक नावाच्या गृहस्थाने आपल्या अनाथाश्रमातील मुलांकडून ‘डाकघर’ बसवून घेतले, आणि तीन आठवड्यांच्या आत ती मुले व कोर्चाक त्रेब्लिंकाच्या संहारछावणीत मारली गेली.

हे वाक्य खरे आहे. परंतु त्यातून कोर्चाक केवळ एक करुण प्रसंग म्हणून उरतो. रवींद्रनाथांच्या विश्वव्यापी कीर्तीचा पुरावा म्हणून आपण त्याला वापरतो आणि पुढे जातो. वास्तविक त्या प्रयोगामागे जवळजवळ चाळीस वर्षांचा विचार होता. मुलांच्या वाट्याला येणारी हिंसा आणि ती मुलांनी स्वतः पाहावी, तोलावी, तिच्याविषयी बोलावे यासाठी उभा केलेला एक प्रकारचा रंगमंच, हा त्या विचाराचा गाभा. तो ध्यानात घेतल्यावाचून ‘डाकघर’च त्याने का निवडले याचा उलगडा होत नाही. म्हणून येथे त्याचे चरित्र त्या एका धाग्याने सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

त्याचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मित. जन्म वॉर्सा येथे, २२ जुलै रोजी. साल १८७८ की १८७९ याविषयी तो स्वतःच निश्चित नव्हता, कारण जन्माची नोंद करण्यात वडिलांनी दिरंगाई केली होती. वडील वकील, सुखवस्तू, पोलिश संस्कृतीशी समरस झालेले ज्यू. पोलंड तेव्हा स्वतंत्र देश नव्हता. वॉर्सावर रशियन झारचा अंमल होता. घरात मोलकरणी, दाया, भरपूर खेळणी. पण अंगणातील गरीब मुलांशी खेळण्यास मज्जाव. पाचव्या वर्षी त्याचा पाळलेला कॅनरी पक्षी मेला. त्याच्या थडग्यावर लाकडी क्रूस रोवावा असे त्याला वाटले, तेव्हा वाड्याच्या राखणदाराच्या मुलाने त्याला समजावले की तो ज्यू आहे, म्हणून पक्षीही ज्यू, आणि ज्यूंना क्रूस नसतो. आपण कोण आहोत हे त्याला अशा रीतीने कळले. कोर्चाकने ही आठवण आयुष्याच्या अखेरीस टिपून ठेवली आहे, आणि तीत राखणदाराच्या मुलाविषयी कडवटपणा नाही, हे लक्षणीय आहे.

दुसरी आठवण शाळेची. पहिल्याच शाळेत एका मुलाला सर्वांदेखत छडीने फोडून काढलेले त्याने पाहिले. शिक्षा दुसऱ्याला, पण धसका याला असा की काही महिन्यांतच घरच्यांनी त्याला त्या शाळेतून काढले. पुढे रशियन माध्यमिक शाळेत त्याने जी शिस्त भोगली तिचे मूळही हेच होते : मोठ्यांचा हात वर, मुलांची मान खाली. परकी सत्ता आणि शाळेची छडी यांत त्याला फारसा फरक दिसला नाही, आणि हा निष्कर्ष त्याने पुढे कधी सोडला नाही.

तो अकरा-बारा वर्षांचा असताना वडिलांच्या मनाचा तोल गेला. त्यांना वेड्यांच्या रुग्णालयात ठेवावे लागले, घरची संपत्ती आटली आणि १८९६ साली ते वारले. हेन्रिक शिकवण्या करून आई व बहीण यांना आधार देऊ लागला. ज्या मुलाला मुलांशी खेळू दिले नव्हते तो आता पैशासाठी मुलांना शिकवू लागला, आणि शिकवता शिकवता त्याला मुलांची गोडी लागली. वेड आनुवंशिक असेल या भयाने त्याने पुढे लग्न केले नाही आणि स्वतःला मूल होऊ दिले नाही.

रंगभूमीशी त्याचा पहिला संबंध याच काळातला, आणि त्याचे प्रसिद्ध नावही त्या संबंधातूनच आले. १८९८ साली पियानोवादक पादेरेव्स्की यांच्या नावे झालेल्या नाट्यलेखन स्पर्धेसाठी त्याने चार अंकी नाटक पाठविले. नाटकाचे नाव ‘कोणत्या वाटेने?’ अशा अर्थाचे. विषय वेड्या पित्याने उद्ध्वस्त झालेले कुटुंब असा होता, असे सांगतात. टोपणनाव हवे म्हणून त्याने क्राशेव्स्की या लोकप्रिय कादंबरीकाराच्या एका नायकाचे नाव उचलले. मूळ नाव यानाश; छापखान्याच्या चुकीने त्याचे यानुश झाले, अशी आख्यायिका आहे. नाटकाला उत्तेजनार्थ उल्लेख मिळाला. ते आज उपलब्ध नाही, नाव मात्र राहिले.

त्याच वर्षी त्याने वॉर्सा विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास सुरू केला आणि १९०५ मध्ये पदवी घेतली. लगेच रशिया-जपान युद्धात झारच्या सैन्याचा डॉक्टर म्हणून त्याला पूर्वेकडे धाडण्यात आले. परतल्यावर तो वॉर्सातील ज्यू मुलांच्या रुग्णालयात बालवैद्य झाला. ‘दिवाणखान्यातील मूल’ या पुस्तकाने लेखक म्हणून त्याचे नाव झाले होते. श्रीमंत घरची बोलावणी येत, आणि तो त्यांच्याकडून मजबूत फी घेऊन गरिबांना फुकट तपासत असे. परंतु एरंडेल देऊन उपासमार बरी होत नाही, हे त्याला लवकरच कळले. आजारी मूल बरे होऊन ज्या तळघरात परत जाते ते तळघर तसेच राहते. १९१२ साली त्याने रुग्णालय सोडले आणि क्रोखमाल्ना रस्त्यावरील ९२ क्रमांकाच्या नव्या इमारतीत ज्यू अनाथ मुलांच्या आश्रमाची सूत्रे हाती घेतली. त्याच्या जोडीला स्तेफानिया विल्चिन्स्का ही बाई होती. आश्रम प्रत्यक्षात चालविला तो तिने. कोर्चाक युद्धावर असो, व्याख्यानाला असो की लिहीत बसलेला असो, शंभरावर मुलांचे जेवण, कपडे, दुखणीखुपणी तिने पाहिली. चरित्रकारांनी तिला नेहमी दुसऱ्या ओळीत उभे केले आहे. हा दोष प्रस्तुत लेखातही पूर्णपणे टळलेला नाही.

या आश्रमातील मुले सुखवस्तू नव्हती, आणि सौम्यही नव्हती. ती दारिद्र्यातून, मारहाणीतून, दारूबाज किंवा हरवलेल्या पालकांच्या घरांतून आलेली. बोलण्याआधी हात उगारणारी. १९०४ पासून उन्हाळी शिबिरांत अशा मुलांना सांभाळताना कोर्चाकची पुरती फजिती झाली होती. पहिल्याच रात्री शयनगृहात दंगा झाला, तेव्हा त्यानेही धमकावणीचा आधार घेतला होता. हे त्याने लपविले नाही. उलट शिक्षकाच्या हातून घडणारी हिंसा हाच त्याच्या शिक्षणशास्त्राचा प्रारंभबिंदू झाला. मुलांच्या हिंसेविषयी बोलणारे पुष्कळ असतात. मूल जिथे हिंसा शिकते तो मोठ्यांचा हात आपलाच आहे, असे मानून स्वतःपासून आरंभ करणारे विरळा.

आश्रमात त्याने मुलांचे न्यायालय स्थापन केले. आठवड्यातून एकदा ते बसे. ज्यांच्यावर त्या आठवड्यात फिर्याद नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. कोणत्याही मुलाला कोणावरही, शिक्षकावर व खुद्द डॉक्टरवरही, फिर्याद लावता येई. संहितेतील पहिली नव्व्याण्णव कलमे क्षमेची होती : आरोपीला ठाऊक नव्हते, तो रागात होता, त्याला पश्चात्ताप झाला आहे, फिर्यादीनेच माफ केले आहे, इत्यादी. पुढची शंभरा-शंभराच्या टप्प्याने जाणारी कलमे दोषाची. शंभराव्यात केवळ दोष नोंदला जाई, मधल्या कलमांत नाव प्रसिद्ध करणे किंवा नातेवाइकांना कळविणे, आणि हजाराव्यात आश्रमातून काढणे. मारणे किंवा उपाशी ठेवणे कोठेच नाही.

हे न्यायालय सुरळीत चालले असे समजू नये. आरंभी मुलांनी त्याचा खेळखंडोबा केला, दांडगटांनी ते वेठीला धरले, आणि कोर्चाकला ते काही काळ बंद ठेवावे लागले. तरी त्याने ते पुन्हा सुरू केले, आणि सहा महिन्यांत पाच वेळा तो स्वतः आरोपी म्हणून उभा राहिला. एका मुलाचे कान उपटल्याबद्दल, एकाला शयनगृहाबाहेर घालविल्याबद्दल, एकाला कोपऱ्यात उभे केल्याबद्दल, एका न्यायाधीशाचा अपमान केल्याबद्दल आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेतल्याबद्दल. या खटल्यांनीच आपल्याला आधुनिक शिक्षक बनविले, असे तो मानी. याच वेळी तो आठवड्याच्या पैजाही लावी : ज्या मुलाचा मारामारीशिवाय दिवस जात नाही त्याने या आठवड्यात किती मारामाऱ्या करायच्या हे स्वतः ठरवावे, आणि आकडा पाळला तर गोळ्या-चॉकलेट घ्यावे. आकडा एकदम शून्य नको, असा त्याचा सल्ला असे. ज्याला मारल्यावाचून राहवत नाही त्याला संत होण्याची पैज लावायला सांगणे म्हणजे त्याला खोटे बोलायला शिकविणे होय, हे त्याने ओळखले होते.

न्यायालयाला रंगमंच म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु भूमिका ठरलेल्या आहेत, त्या आलटून पालटून येतात, प्रेक्षक सर्व घर आहे, आणि ज्याने काल ठोसा मारला तो आज चिठ्ठीतून न्यायाधीश होऊन ठोसा खाणाऱ्याचे म्हणणे ऐकतो. नाटकाचा मूळ धर्म हाच नव्हे काय? मुलाने आपली हिंसा दुसऱ्याच्या जागी बसून पाहावी, यासाठी कोर्चाकने एक शिस्तबद्ध देखावा रचला होता. त्याच्या लेखनातही हेच दिसते. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘राजा माचूश पहिला’ या बालकादंबरीत एक पोरका मुलगा राजा होतो, युद्धावर जातो, मुलांची संसद भरवितो, आणि मुलांच्या हाती आलेली सत्ताही मोठ्यांच्या सत्तेइतकीच गोंधळ घालू शकते हे अनुभवतो. शेवटी हरलेल्या माचूशला बेड्या घालून शहराच्या रस्त्यांतून वधस्थानाकडे नेण्यात येते, शेवटच्या क्षणी शिक्षा बदलते आणि त्याची निर्जन बेटावर रवानगी होते. रम्य बालसाहित्य अपेक्षिणाऱ्याला हा शेवट पेलत नाही. पण पोलंडची कित्येक पिढ्यांची मुले हे पुस्तक वाचत आली आहेत. मुलांना काय पेलते याविषयी मोठ्यांचे अंदाज सहसा चुकतात.

१९२६ च्या ऑक्टोबरात त्याने वॉर्सातील एका ज्यू दैनिकाची साप्ताहिक बालपुरवणी सुरू केली. ती मुलांसाठी होती आणि लिहिणारीही मुलेच होती. घरातील मार, शाळेतील अपमान, रस्त्यावर ज्यू म्हणून खाल्लेले दगड यांविषयी देशभरातील मुलांनी तीत लिहिले. पुरवणीचा शेवटचा अंक १ सप्टेंबर १९३९ चा, म्हणजे जर्मनीने पोलंडवर हल्ला केला त्या दिवसाचा. १९२९ साली मुलाच्या सन्मानाच्या हक्कावरील त्याची छोटी पुस्तिका आली. १९३१ मध्ये वॉर्साच्या ‘आतेनेउम’ नाट्यगृहात ‘वेड्यांची विधिसभा’ हे त्याचे नाटक झाले. वेड्यांच्या इस्पितळात जगाचा कारभार चालविण्याचा आव आणणारी ही माणसे येऊ घातलेल्या काळाची चाहूल देत होती. प्रयोग फार चालले नाहीत. रेडिओवर तो ‘म्हातारा डॉक्टर’ या नावाने बोले आणि अतिशय लोकप्रिय होता. ज्यू नाव ऐकविणे नभोवाणीला गैरसोयीचे वाटत होते. १९३६ साली वाढत्या ज्यूद्वेषापुढे तो कार्यक्रम बंद पडला. १९३४ व १९३६ मध्ये तो पॅलेस्टाईनला जाऊन आला. तेथे कायमचे जाण्याचा विचार मनात घोळत असताना युद्ध आले.

‘डाकघर’कडे वळण्यापूर्वी कोर्चाकच्या एका विचारापाशी थांबले पाहिजे. पहिल्या महायुद्धात, पूर्व आघाडीवरील रुग्णालयांत काम करीत असताना, त्याने ‘मुलावर प्रेम कसे करावे’ हा आपला मुख्य ग्रंथ लिहिला. त्यात तो मुलाचे तीन मूलभूत हक्क सांगतो : मृत्यूचा हक्क, आजच्या दिवसाचा हक्क, आणि आहे तसे असण्याचा हक्क. पहिला हक्क वाचून वाचक दचकतो. बालवैद्याने असे म्हणावे? पण त्याचे म्हणणे सरळ आहे. मूल मरेल या धास्तीने आपण त्याला जगूच देत नाही. पडेल म्हणून धावू देत नाही, भिजेल म्हणून बाहेर सोडत नाही, बाधेल म्हणून खिडकी उघडत नाही. प्रेमाच्या पोटी केलेली ही कैद कोर्चाकच्या मते हिंसाच होय, आणि ती करणारा सज्जन असल्यामुळे मुलाला तिच्याविरुद्ध फिर्यादही लावता येत नाही.

रवींद्रनाथांचे नाटक ज्यांना परिचित आहे त्यांना येथे अमल आठवल्यावाचून राहणार नाही. माधव दत्ताने दत्तक घेतलेला हा मुलगा आजारी आहे. कविराजाने, म्हणजे वैद्याने, शरद ऋतूचे ऊन-वारे बाधेल म्हणून त्याला घरात कोंडून ठेवण्याचा आदेश दिला आहे. कोणीही दुष्ट नाही. गावचा मोडल तेवढा कुत्सित आहे, पण अमलला खरा जाच होतो तो प्रेम करणाऱ्यांचा. खिडकीत बसून तो रस्त्यावरून जाणाऱ्या दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचायला निघालेल्या सुधाशी, खेळायला चाललेल्या पोरांशी बोलतो, आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. अखेरीस राजवैद्य येतो आणि सगळी दारे-खिडक्या उघडायला लावतो. रवींद्रनाथांनी हे लिहिले तेव्हा पत्नी, मुलगी रेणुका आणि धाकटा मुलगा शमींद्रनाथ यांचे मृत्यू त्यांनी थोड्या वर्षांच्या अंतराने पाहिले होते. शांतिनिकेतनात भिंतीबाहेर शाळा मांडणारा कवी आणि वॉर्साच्या गल्लीत मुलांचे न्यायालय चालविणारा वैद्य एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण बंद खिडकीविषयी त्यांचे मत एकच होते. आपल्याकडे ‘डाकघर’चा विचार बहुधा आत्मा-परमात्मा यांच्या परिभाषेत होतो. तो चुकीचा नाही. मात्र कोर्चाकच्या बाजूने पाहिले की हे नाटक मुलावर प्रेमाने होणाऱ्या अन्यायाचेही आहे, हे स्पष्ट दिसू लागते.

१९४० च्या नोव्हेंबरात वॉर्साची ज्यू वस्ती भिंत घालून बंद करण्यात आली. चार लाखांहून अधिक माणसे साडेतीन चौरस किलोमीटरांच्या आत कोंडली गेली. आश्रमाला क्रोखमाल्ना सोडून भिंतीच्या आत यावे लागले. स्थलांतराच्या वेळी मुलांसाठी आणलेल्या बटाट्यांची गाडी जप्त झाली, तेव्हा कोर्चाक तक्रार घेऊन जर्मन कचेरीत गेला. त्याने ज्यूंना सक्तीची असलेली पट्टी दंडावर बांधली नव्हती. त्याला मारहाण झाली आणि सुमारे महिनाभर पावियाक तुरुंगात ठेवले गेले. १९४१ च्या शरदात वस्तीची हद्द आणखी आकसली आणि आश्रम सिएन्ना रस्त्यावर गेला. मुलांची संख्या आता दोनशेच्या घरात होती. बाहेर रस्त्यांवर मुले भुकेने मरत होती. प्रेतांवर वर्तमानपत्राचा कागद टाकून लोक पुढे जात. १९४२ च्या उन्हाळ्यापूर्वीच या वस्तीत भूक व रोगराई यांनी ऐंशी हजारांहून अधिक माणसे दगावली होती. वयाची साठी ओलांडलेला, पाय सुजलेला कोर्चाक रोज झोळी घेऊन मुलांसाठी अन्न मागत फिरे. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याने ज्येल्ना रस्त्यावरील, हजारेक मुले कोंबलेल्या आणि मृत्यूचे आगर बनलेल्या एका आश्रयगृहातही काम मागितले. त्यासाठी केलेला अर्ज म्हणजे स्वतःचीच यथेच्छ थट्टा आहे.

या परिस्थितीत न्यायालय चालू होते, वर्ग चालू होते, मुले आपापल्या रोजनिशी लिहीत होती. आणि ज्या माणसाने बंद खिडकीला हिंसा म्हटले होते त्याच्यावर आता मुलांना रस्त्यापासून दूर, घरात राखण्याची पाळी आली होती. माधव दत्त आणि कविराज यांच्या जागी तो स्वतः येऊन पडला होता. ‘डाकघर’च्या निवडीमागील खरा ताण मला येथे दिसतो.

नाटक पोलिश भाषांतरातून घेतले होते. दिग्दर्शन एस्तेरका विनोग्रोन हिने केले. ती वॉर्सा विद्यापीठाची विद्यार्थिनी होती आणि आश्रमात स्वयंसेवक म्हणून मदत करीत असे. प्रयोगाच्या तोंडावर आश्रमात अन्नविषबाधा झाली. रात्रभर मुलांच्या उलट्या आणि डोकेदुखी सांभाळण्यात गेली. तरीही शनिवारी, १८ जुलैला, दुपारी ठरल्याप्रमाणे प्रयोग झाला. निमंत्रणपत्रिका पाठवून वस्तीतील माणसांना बोलावले होते, सभागृह भरले होते. अमलची भूमिका करणारा मुलगा व्हायोलिन वाजविणारा, सर्वांचा आवडता होता.

हेच नाटक का, असे विचारले असता मुलांना मृत्यू शांतपणे स्वीकारता यावा म्हणून, असे उत्तर कोर्चाकने दिल्याचे सांगतात. हे उत्तर नंतरच्या आठवणींतून आलेले आहे, आणि ‘डाकघर’विषयीच्या प्रत्येक लेखात ते उतरविले जाते. ते खोटे असेल असे मी म्हणत नाही. पण त्याच्या स्वतःच्या दैनंदिनीत त्या प्रयोगासंबंधी जे आले आहे त्याचा रोख निराळा आहे. टाळ्या, हस्तांदोलने, पाहुण्यांचे कौतुक यांचा तो थोडक्यात, किंचित तिरकस उल्लेख करतो. मग त्याला प्रश्न पडतो की कालच्या नटांनी आज आपापल्या भूमिका तशाच चालू ठेवल्या तर काय होईल? एकाला वाटेल आपण खरेच फकीर, दुसऱ्याला आपण वैद्य, तिसऱ्याला आपण राजाचा अधिकारी. पुढच्या बुधवारी मोठ्या मुलांपुढे भ्रम या विषयावर बोलावे, असेही तो ठरवितो. मृत्यूची तयारी करून घेणाऱ्या माणसाची ही चिंता नव्हे. मूल भूमिकेत शिरते आणि भूमिकेतून बाहेर येते, या जाण्या-येण्यात त्याच्या हाती काय लागते, हे निरखणाऱ्या जुन्या शिक्षकाची ती आहे. न्यायालयाच्या बाबतीतही त्याने हेच निरखले होते.

तो बुधवार २२ जुलैचा होता. त्याच दिवशी वस्तीतील ज्यूंच्या हद्दपारीला प्रारंभ झाला. योगायोग असा की तो कोर्चाकचा वाढदिवसही होता. दुसऱ्या दिवशी ज्यू मंडळाचे अध्यक्ष आदाम चेर्न्याकूफ यांनी आत्महत्या केली. रोज हजारो माणसे मालगाड्यांत भरून त्रेब्लिंकाला नेली जाऊ लागली. एस्तेरका याच धरपकडीत सापडली. तिला सोडविण्याची कोर्चाकची खटपट व्यर्थ गेली.

५ किंवा ६ ऑगस्टला आश्रमाची पाळी आली. सुमारे दोनशे मुले, विल्चिन्स्का, इतर शिक्षक व कोर्चाक रांगेने रस्त्यांतून चालत रेल्वेच्या फलाटाकडे गेले. या चालीविषयी जेवढे साक्षीदार तेवढ्या कथा आहेत. कोणी राजा माचूशचा हिरवा ध्वज पाहिला, कोणी व्हायोलिन ऐकले, कोणी कोर्चाकच्या कडेवर मूल पाहिले. इगोर नेवेर्ली या त्याच्या जुन्या सहकाऱ्याने भिंतीबाहेर निसटण्यासाठी कागदपत्रे देऊ केली होती आणि त्याने नकार दिला, हे मात्र निश्चित. ही चाल पुढे जगभर चित्रांत, शिल्पांत, आंद्रेई वायदाच्या १९९० च्या चित्रपटात आली. तिच्यामुळे कोर्चाक अजरामर झाला, आणि माझ्या मते काहीसा झाकलाही गेला. मुलांना सोडून न जाणे हे त्याला अपवादात्मक वाटले नसते. ते विल्चिन्स्कानेही केले आणि इतर शिक्षकांनीही. अपवादात्मक होते ते त्याआधीचे तीस वर्षांचे काम.

एक गोष्ट ओघात नमूद करतो. त्याच १९४२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत भूमीतून निसटलेली कित्येक पोलिश अनाथ मुले जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेबांनी उभारलेल्या छावणीत पोचली. पुढच्या वर्षी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत झाली. पोलंडची काही मुले भारतात आसरा घेत होती, तेव्हा इतर काही मुले वॉर्सात भारतीय नाटक करीत होती.

कोर्चाकची दैनंदिनी वस्तीबाहेर काढून नेवेर्लीपर्यंत पोचविण्यात आली. बिएलानी येथील अनाथगृहाच्या भिंतीत ती चिणून ठेवली होती, आणि १९५८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पोलंडने १९७८ साली संयुक्त राष्ट्रसंघापुढे बालहक्कांच्या कराराचा पहिला मसुदा मांडला, त्यामागे त्याच्या विचारांचे स्मरण होते. करार १९८९ मध्ये मान्य झाला. त्याच्या मृत्यूचा दिवस कोणत्याही कागदावर नव्हता. २०१५ साली लुब्लिनच्या न्यायालयाने तो ७ ऑगस्ट १९४२ असा ठरविला. रवींद्रनाथ गेले ते त्याच तारखेला, एक वर्ष आधी.

दैनंदिनीतील शेवटची नोंद ४ ऑगस्टची आहे. सकाळची वेळ. कोर्चाक खिडकीतील फुलझाडांना पाणी घालतो आहे. समोर भिंतीपाशी बंदूक घेतलेला जर्मन पहारेकरी उभा आहे. आपले टक्कल त्याला नेम धरायला किती सोयीचे, असे कोर्चाकला वाटते, आणि मग तो त्या माणसाविषयी विचार करू लागतो. घरी असताना हा खेड्यातला शिक्षक असेल, नोटरी असेल, रस्ते झाडणारा असेल. आपण त्याला मान हलवून खुणावले तर तो काय करील? आपण येथे का उभे आहोत, हे तरी त्याला ठाऊक असेल का? अमल आपल्या खिडकीतून पहारेकऱ्याला असेच प्रश्न विचारतो, आणि पहारेकरी थांबून त्याला उत्तरे देतो. सिएन्ना रस्त्यावरच्या पहारेकऱ्याने काय केले याची नोंद नाही. कोर्चाक खाली आला असणार; मुलांच्या न्याहारीची वेळ झाली होती.